अठरा काडेपेट्या

गैबी मुल्ला मूळचा गडहिंग्लजचा. घरात भांड्यांना कल्हई लावण्याचा पिढीजात धंदा. तो मात्र प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम पुरा करून १९९१ साली शाहूवाडी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला. लहान मुलांच्या शौचाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे तिथले सर्वांत कमी प्रतिष्ठेचे काम. ते त्याने नाक न मुरडता केले. भातखाचरांतून अनवाणी हिंडणाऱ्या, ओढ्याकाठी शौचाला बसून त्याच ओढ्याचे पाणी पिणाऱ्या मुलांच्या पोटात काय असणार, याचा त्याला वर्षानुवर्षांचा अंदाज होता.

२००२ च्या हिवाळ्यात डोंगरातल्या एका वाडीहून शौचाचे नमुने भरलेल्या अठरा काडेपेट्या आल्या. प्रत्येकीवर एका मुलाचे नाव. जंताचे अंडे एकाही नमुन्यात नव्हते. ज्या वाडीचा अहवाल निर्दोष, ती जंताच्या गोळ्यांच्या वाटपातून वगळली जाणार होती. गैबीने सही केली नाही. नमुने एकजात काळे होते. लोहाचे औषध चालू असलेल्या मुलाची शी तशी होते, आणि रुग्णालयातला त्या औषधाचा साठा तर चार महिन्यांपूर्वीच संपला होता.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने वाडीवर गेला. अंगणवाडीच्या सेविका शालूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"या पावणं. च्या ठेवू?"

"च्या ऱ्हाऊ दे. नावं अठरा हायत, पोरगं एकच हाय."

"कोण म्हनतंय?"

"समदी काळी हाय की शी. लोहाचं औषध कुणाला चालू हाय?"

शालूबाईंचा हात सुपात थांबला. "आमच्या नातीला. तिचं पोट साफ हाय, म्हणून तिचंच भरलं. गावस्वच्छतेची स्पर्धा हाय. बाळासो सरपंच म्हटलं, वाडीला बट्टा लागता कामा न्हाय."

"नातीला औषध कशापायी?"

"जंत झालतं. अंगात रगतच न्हवतं. कोल्हापूरला न्हेली, तवा वाचली."

"आता ऱ्हायल्या सतरांना कोल्हापूरला कोण न्हेणार?"

सूप बाजूला सारून शालूबाईंनी पोरांची यादी उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवत गेल्या.

सोमवारी पहिल्या गाडीने त्या पिशवी घेऊन निघाल्या. कंडक्टरने पिशवी हलवून पाहिली. "मावशी, पेढं हायत व्हय?"

"खातोस काय?" म्हणत त्यांनी पिशवीचे तोंड त्याच्यापुढे उघडले. त्याने मुकाट्याने तिकीट फाडले.

सतरांपैकी चौदा नमुन्यांत अंडी निघाली. पहिल्या नमुन्यांपुढे गैबीने 'बाद' एवढेच लिहिले, कारण दिले नाही. स्पर्धेत वाडीचा क्रमांक आला नाही. त्याचा दोष सरपंचांनी शालूबाईंना चारचौघांत दिला आणि त्यांनी तो ऐकून घेतला.

गोळ्या वाटायला गैबी स्वतः गेला. रांगेच्या शेवटी बाळासो आपल्या नातवाला कडेवर घेऊन उभे होते. चौदांत त्याचेही नाव होते.

"एकच गोळी न्हवं?" त्यांनी दुसरीकडे बघत विचारले.

"आता एक. सहा म्हैन्यांनी परत," गैबी म्हणाला. "आन् चपला रोज. जंत तळपायातनं शिरत्यात."

सरपंचांनी नातवाच्या पायांकडे पाहिले, मग इतर पोरांच्या. चपला कोणाच्याच पायात नव्हत्या.