बाभळीवरचा लाल टॅग

हौशीरामनं गावाच्या कडेला गांजा लावलाय, ही बातमी सकाळी आमच्या आळीतून निघाली आणि दुपारी पोलिस पाटलांच्या कानावर गेली. कुणी घातली ते विचारू नका, आळीत तोंडं बरीच आहेत. पाटील आले, पानं चुरगाळून हुंगली आणि जाताना एक जुडी घरी घेऊन गेले. अंबाडी होती. दुसऱ्या दिवशी, भाजी झकास झाली, असा निरोपही आला.

ही अंबाडी उगवली ती ‘पाखरांच्या बागे’त. बाग म्हणून गुलाब-मोगरा शोधायला गेलात तर पोटऱ्या खाजवत परत याल. वडगाव रासाईच्या जुन्या विहिरीभोवतीचा गायरानाचा तुकडा बचत गटाच्या बायकांनी आणि हौशीरामनं कुंपण घालून चक्क सोडून दिला. भादव्यात तिथं नुसतं माजतं. तरोट्यावर पिवळी फुलपाखरं, रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या, कुर्डूच्या तुऱ्यांवर चतुर. पाऊल टाकलं की नाकतोड्यांचं कारंजं उडतं. विहिरीच्या कडेला बाभूळ. तिची मोठी फांदी विहिरीवरून पुढं नदीच्या वाटेवर आलेली, आणि तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुगरणींची घरटी.

घोटाळा त्या फांदीचाच झाला. यंदा मंडळाची मूर्ती उंच, कारण शेजारच्या गावाची उंच. अध्यक्ष मारुतराव, म्हणजे गावाचे आप्पा, ऑर्डर देऊन बसले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की विसर्जनाला गणपतीचा मुकुट फांदीत अडकणार. तोडायची ठरली. हौशीराम म्हणाला, “घरट्यांत पिल्लं हायत, आप्पा.” आप्पा म्हणाले, “गणपती आधी का चिमण्या आधी, तूच सांग.”

हौशीराम लेकीकडं, खुटबावला गेला होता, त्या सकाळी त्याची बायको विठाबाई हिचा फोन आला.

“अवो, आप्पांनी जेसीबी आणलाय. विक्रम चालवतोय. मी फांदीखाली उभी हाय, पर ही पोरं मला बाजूला काढाय लागलीत...”

पुढं आवाज नाही. त्यानं परत लावला, उचलला नाही. लेक नीलम चहा घेऊन बाहेर येईपर्यंत बापाची गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

गुऱ्हाळाला ऊस नेणारा ट्रॅक्टर पुढं, आणि बाजूनं काढायला जागा नाही. हौशीराम हॉर्न दाबत राहिला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्याला नाहीत, त्यामुळं ब्रेक धरताना मूठ अर्धवटच बसते. रांजणगावच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला फिटर होता. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी बटनावर लाल टॅग लटकवायचा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, मॅनेजरनंसुद्धा हात लावायचा नाही, हा तिथला नियम. एकदा एकानं टॅग असताना बटन दाबलं. बोटं तेव्हा गेली.

रिटायर होताना त्यानं टॅगांचा एक गठ्ठा घरी आणला होता. खुटबावला निघण्याआधी त्यातलाच एक त्यानं फांदीला बांधला, तेव्हा आळी पोट धरून हसली. आता भीमेच्या पुलावर त्याला स्वतःलाच ते खुळेपण वाटू लागलं. जेसीबीच्या लोखंडी बादलीला प्लास्टिकची चिठ्ठी काय अडवणार? एक घाव बसला की सगळी घरटी विहिरीत. पंख न फुटलेली पिल्लं बुडायला कितीसा वेळ.

गावात शिरला तर मशीनचा आवाज नव्हता. आवाज बंद, म्हणजे काम उरकलं. गाडी स्टँडला न लावता त्यानं कुंपणावर टेकवली आणि मग मान वर केली.

फांदी जागेवर होती. घरटी वाऱ्यावर झुलत होती. एक सुगरण चोचीत नाकतोडा घेऊन आत शिरली, आतून कलकलाट झाला. जेसीबीची बादली फांदीपासून हातभर लांब, हवेतच थांबलेली. खाली कमरेवर हात ठेवून विठाबाई उभी.

विक्रम केबिनमधून उतरला. “टॅग तुमचा न्हवं, मामा? मी पण कंत्राटात होतो रांजणगावला. लाल दिसलं आन् हात आपसूक चावीवर गेला. आता आप्पा शिव्या घालत्यात, पर चावी फिरंना.”

“झाडाला कसला टॅग रं?” आप्पांनी मंडळाच्या पोरांकडं पाहिलं. “काढा रे कुणीतरी.”

निम्मी पोरं रातपाळी करून आलेली, अंगात अजून कंपनीचा शर्ट. एकमेकांकडं बघत राहिली. हात कुणीच उचलला नाही.

“शाळंकडनं न्या की मिरवणूक,” विठाबाई म्हणाली. “लांब पडंल, पर तेवढंच जास्त नाचाय मिळंल.”

पोरांना ते पटलेलं तोंडावर दिसलं. आप्पांनाही दिसलं, म्हणून ते हौशीरामवर उखडले. “टॅग लावणारा आलाय न्हवं? मग तूच काढ. काम चालू असलं तरच टॅग लावत्यात म्हणं. हितं कुठाय काम? मला तर एक माणूस दिसंना.”

सगळे हौशीरामकडं बघू लागले. तो फांदीकडंच पाहत होता.

“सुगरणी करत्यात, आप्पा. त्यांची शिफ्ट सुटली की टॅग मी काढतो.”