ओली वल्ही

आफ्रिझोनला मी फार ओळखत होतो असं नाही. एक हंगाम तो आमच्या नावेवर होता, तेवढंच. तो कॉफीत साखर घालायचा की नाही, हेही मला आठवत नाही.

खेळाडूंची ताकद आणि दम कसा वाढवायचा, याचं शिक्षण तो पाडांग शहरात घेऊन आला होता. गावाने त्याला आमच्या जालुरवर, म्हणजे पन्नास वल्हेकऱ्यांच्या शर्यतीच्या नावेवर, कोच नेमलं. तिकडे सासऱ्याने जिल्हा कचेरीत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. नाव शर्यतीच्या पहिल्याच दिवशी बाद झाली तर कचेरी, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं. मी नावेच्या मधे बसून पाणी उपसतो, ताल देतो. शेडची किल्लीही माझ्याकडेच असते.

पहिला आठवडा त्याने कुणाकडून काही करून घेतलं नाही. पहाटे आमच्या मागे रबराच्या बागांतून फिरला. कोण किती झाडांना चिरा देतो, चिकाच्या बादल्या किती लांब वाहतो, ते वहीत लिहिलं. मग वाळूची पोती उचलायला लावली, बैठका काढायला लावल्या. ज्याची झाडं जास्त, त्याला व्यायाम कमी. शर्यतीआधीचे शेवटचे पाच दिवस तर वल्ह्याला हातच लावायचा नाही.

"घामच येणार नसेल तर कोच कशाला?" जास्मान म्हणाला. तो सगळ्यांत पुढे बसायचा. "झोप म्हणून तर माझी बायकोही सांगते."

"मग तिलाच नेमा," आफ्रिझोन म्हणाला. "तिचं ऐकता तरी."

शर्यतीला दोन दिवस उरले तेव्हा संध्याकाळी जास्मान माझ्या दारात आला.

"मामा, किल्ली द्या. एकच फेरी. पोरांचे हात आखडलेत."

मी दिली. खरं तर मलाही वाटत होतं, एवढ्या विश्रांतीने हात सगळं विसरतील. एकीच्या चार फेऱ्या झाल्या, त्याही पूर्ण जोराने. ताल मीच दिला.

सकाळी आफ्रिझोन शेडमध्ये आला. एका वल्ह्यावरून त्याने हात फिरवला, बोटं पँटला पुसली आणि निघून गेला.

पहिल्याच दिवशी आम्ही बाद झालो. निम्म्या अंतरापर्यंत पुढे होतो, मग हात उचलेनात.

"हे विश्रांतीचं खूळ कुणाचं?" गावप्रमुखांनी सभेत विचारलं.

"आखणी माझी होती," आफ्रिझोन म्हणाला.

जास्मान खाली बघत होता. मीही.

महिन्याने मी गावप्रमुखांकडे जाऊन सगळं सांगितलं. "आता सांगताय होय?" ते म्हणाले. "तो कचेरीत रुजूसुद्धा झाला."

पुढे त्याची तेंबिलाहानला बदली झाली. निघायच्या दिवशी मी बसथांब्यावर गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. त्याने बॅग खाली ठेवली.

"मामा, वल्ही अजून शेडमध्येच ठेवता?"

"तिथेच."

"आधी वाळवत जा. ओली ठेवली की कुजतात."

"बरं," मी म्हणालो. "वाळवतो."