एकाच पक्षाची दोन टेबलं

पक्ष फुटल्याचं आम्हाला साखरखेर्ड्याच्या एका हॉटेलात टीव्हीवर कळलं. माझा दोस्त आणि मी मिसरूड फुटायच्या वयात पक्षात आलो होतो. भिंती रंगवल्या, सभांच्या सतरंज्या उचलल्या. तेव्हा शाखेत जे सांगितलं ते आम्ही खरं मानलं: जात विचारायची नाही, गावच्या कामात टक्का खायचा नाही, अडल्यानडल्याच्या हाकेला धावायचं. यापलीकडे विचारसरणी म्हणून आम्हाला काही ठाऊक नव्हतं, आणि कधी अडलंही नाही.

फुटीनंतर दोस्त एका गटात गेला, मी दुसऱ्या. भांडण झालं नाही. त्याच्या भावकीनं तिकडं जायचं ठरवलं. मी जुन्या तालुकाध्यक्षाला शब्द दिला होता म्हणून इकडं राहिलो.

पुढच्या निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी, शाळेकडच्या रस्त्यावर आम्ही समोरासमोर टेबल मांडून बसलो. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"काऊन रे, तुम्ही तं एकच होते ना? आता मी कोणाकडं येऊ?"

"कुठंही ये, माय," दोस्त म्हणाला. "आम्ही दोघंही तेच सांगू."

ती हसली नाही. कोणाकडंच न येता सरळ शाळेत गेली.

दुपारी त्यानं टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं, डुलकी लागली असेल. मग तो खुर्चीवरून घसरला. त्याची माणसं जेवायला गेली होती. मी रस्ता ओलांडून पळालो. त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता.

"छातीवर दगड ठेवल्यावानी वाटते," तो कसाबसा म्हणाला.

शेजारच्याची जीप काढून त्याला मेहकरला नेलं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं, हृदयाचं दुखणं आहे म्हणाले. मी बाहेर बाकावर बसलो, तोच आमच्या गटाच्या पुढाऱ्याचा फोन आला.

"टेबल रिकामं सोडून कुठं गेले तुम्ही?"

सांगितलं. "बरं, पण दुसरं कोणी बसवून जायचं ना," म्हणाला.

थोड्या वेळानं दोस्ताचा फोन वाजला; त्याला आत नेताना तो मी माझ्या खिशात ठेवला होता. त्याचा पुढारी. त्याचाही तोच प्रश्न.

"तो दवाखान्यात आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही कोण बोलता?"

"पक्षाचाच माणूस," म्हणालो. कोणत्या गटाचा, ते त्यानं विचारलं नाही. फोन ठेवला. तब्येत कशी आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मला आत सोडलं. दोस्त छताकडं बघत पडला होता.

"मत टाकलं का तू?"

"नाही. तू?"

"दुपारून टाकू म्हटलं होतं." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "इकडचं एक गेलं, तिकडचंही एक गेलं. कोणाचं काही बिघडलं नाही."

मी हसलो. त्याला हसता येत नव्हतं, छाती दुखायची.

तो वाचला. पण आता चार पावलं चालला की दम लागतो. नंतरच्या निवडणुकीत त्यानं टेबलावर बसायला नाही म्हणून सांगितलं. मला निरोप आला तेव्हा मी हो म्हणालो. मतदानाच्या दिवशी सकाळी चपला घालत होतो, तर मुलीनं विचारलं, "बाबा, तुमचा अजून विश्वास आहे का पक्षावर?"

"सवय आहे, बाई," मी म्हणालो.

तिनं पाण्याची बाटली भरून माझ्या हातात दिली.