हलकं तेल

एकाहत्तर साली दसरा झाला आणि आमच्या युनिटला मैदानातून पहाडात हलवण्याची ऑर्डर आली. तीन दिवस ट्रेन, दोन दिवस ट्रक. जागेचं नाव मी लिहीत नाही, कारण सांगितलं तरी सोलापुरात कुणाला ते ठाऊक नसेल. उंची नऊ हजार फूट. नोव्हेंबरपासून बर्फ.

मी डिस्पॅच रायडर होतो. फौजेत त्याला डीआर म्हणतात. काम एका ओळीत सांगता येतं. कागद घ्यायचा, मोटरसायकलवर बसायचं, कागद पोचवायचा, सही घेऊन परत यायचं. टेलिफोनची लाइन तुटते, वायरलेस मुका होतो, तेव्हा डीआरची आठवण होते. एरवी कुणी विचारत नाही.

मी मूळचा वळसंगचा. भरतीआधी चार वर्षं सोलापुरात एका गॅरेजात मोटरसायकली खोलत होतो. त्यामुळे युनिटमध्ये मी स्वतःला अर्धा मेकॅनिक समजत असे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

युनिटमध्ये दुसरा सोलापूरकडचा डीआर म्हणजे रावसाहेब. गाव केम, करमाळा तालुका. घरच्यांनी हौसेनं ठेवलेलं हे नाव फौजेत अडचणीचं झालं. आमचे हवालदार मेकॅनिक प्रीतमसिंग पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहब यहाँ एक ही है, कमांडिंग ऑफिसर. तू केम." तेव्हापासून तो केम आणि मी वळसंग. हजेरीत आमची नावं वेगळी होती, पण हाक गावाच्या नावानंच यायची.

रावसाहेब उंच, सावळा, बोलका. गाडीवर त्याचा जीव नव्हता, माणसांवर होता. मी गाडी पुसत बसलो की तो चहाचा मग घेऊन शेजारी उभा राहायचा.

"आरं वळसंग, गाडीला रोज आंगूळ घालतूस. सोताला कदी घालणार?"

"बर्फात तूच घाल की आंगूळ. मी गरम पानी मिळंल तवाच घालीन."

"मंग तुजी गाडी लगनाला उभी ऱ्हाईल, तू न्हाय."

आमच्या घरी कानडी बोलतात. किक मारताना माझ्या तोंडून नकळत आकडे निघायचे, ओंदु, एरडु, मूरु. रावसाहेबाला त्याची गंमत वाटायची. तोही तसंच मोजायला लागला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली की ओरडायचा, "मूरु! कानडी गाडी हाय, मराठीत मोजलं तर उठत न्हाय."

नोव्हेंबरात मला ताप आला. आठ दिवस मी आडवा होतो. त्या आठ दिवसांत माझ्या सगळ्या फेऱ्या रावसाहेबानं मारल्या. स्वतःच्या धरून रोज चार. मी आभार मानले तर म्हणाला, "गप पड. बरा झाल्यावर माजी गाडी एकदा नीट बघ, म्हंजे फिटलं." ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता हवालदार प्रीतमसिंगांनी मला बोलावलं. त्यांना ट्रकच्या दुरुस्तीसाठी मागच्या ठाण्यावर जायचं होतं. जाता जाता त्यांनी हुकूम दिला.

"दोनों गाड़ी का तेल बदल. हल्का तेल डालना. समझा?"

"समझा उस्ताद."

समजलं नव्हतं. पण मला तसं वाटलं नाही.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे हलका म्हणजे कमअस्सल. हलका माल, हलक्या कानाचा माणूस, हलकं काम. आणि भारी म्हणजे उत्तम. भारी बैल, भारी लुगडं, "लई भारी काम केलंस." शिवाय आमच्या गॅरेजचे मालक एकच गोष्ट शिकवून गेले होते. सोलापूरच्या उन्हात तेल उकळून पाण्यासारखं होतं, म्हणून घट्ट तेल तेच चांगलं, नंबर जितका मोठा तितकं तेल घट्ट आणि तितकी इंजिनाची सेवा मोठी. सोलापूरपुरतं ते खरंही होतं.

स्टोअरमध्ये दोन प्रकारचं तेल होतं. वीस नंबरचे डबे पहाडात आल्यावर मिळालेले. पन्नास नंबरचा एकच डबा, मैदानातून आमच्याबरोबर आलेला. मी मनाशी हिशेब केला. चांगलं तेल संपत आलंय, उस्ताद ते अफसरांच्या जीपसाठी राखून ठेवतायत, म्हणून डीआर लोकांना हलकं टाका म्हणाले. मला राग आला. रावसाहेब उद्या पहाटेच्या पाळीवर. पुढच्या कंपनीपर्यंतचा रस्ता सगळ्यांत वाईट. आणि त्याच्या गाडीत हलकं तेल?

माझ्या गाडीत मी वीस नंबर ओतलं. हुकूम पाळला. रावसाहेबाच्या गाडीत पन्नास नंबरचा अख्खा डबा रिकामा केला. संध्याकाळी त्याला सांगितलं.

"तुज्या गाडीत भारी तेल घातलंय. कुनाला बोलू नगंस."

"आणि तुज्यात?"

"हलकं."

तो हसला. "येडा हाईस."

दुसऱ्या दिवशी ०५३५ वाजता पुढच्या कंपनीची, म्हणजे ब्राव्होची, लाइन तुटली. त्यांचा वायरलेसही बोलेना. ब्राव्होची एक प्लाटून डोंगराच्या एका सोंडेवर बसली होती, आणि ०७०० वाजता आमच्या तोफा त्याच सोंडेवर फायर करणार होत्या. प्लाटूनला त्याआधी खाली उतरवायचं होतं. तीस माणसं. कमांडिंग ऑफिसरच्या हाताखालच्या ॲडज्युटंटसाहेबांनी कागद लिहिला आणि रावसाहेबाच्या हातात दिला. रस्ता बारा किलोमीटर. चाळीस मिनिटांचं काम.

मी गाडीजवळ उभा होतो. थंडी अशी की मिशीवर श्वास गोठत होता. रावसाहेबानं किक मारली.

"ओंदु. एरडु. मूरु."

गाडी उठली नाही. चौथी. पाचवी. मला दिसत होतं की किक जड जातेय, पाय खाली जायला वेळ लागतोय. गॅरेजात चार वर्षं काढलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं. मी म्हणालो, "थंड हाय, जोर लाव." सातव्या किकला गाडी उठली. आवाज कोरडा होता. नेहमी पाच मिनिटं इंजिन गरम करायचा नियम. त्या दिवशी पाच मिनिटं नव्हती. ०५४८ ला तो निघाला.

०६४० झाले, खबर नाही. ०६५२ ला ब्राव्होचा वायरलेस जागा झाला. बोलणं हिंदीत होतं, मी मराठीत लिहितो.

"ब्राव्हो बोलतोय. डीआर पायी पोचला. मेसेज मिळाला. प्लाटून उतरली. ओव्हर."

"पायी का? ओव्हर."

"गाडी आठ किलोमीटरवर बंद. डीआर म्हणतो, कारण थंडी. ओव्हर."

"रॉजर. डीआरला तिथंच थांबवा. आउट."

उरलेले चार किलोमीटर तो बर्फातून, चढावर, पळत गेला होता. तीस माणसं वाचली. वायरलेसच्या टेंटमध्ये सगळ्यांनी श्वास सोडला. मी नाही सोडला. ‘कारण थंडी’ हे शब्द ऐकले आणि मला उस्तादांचा हल्का शब्द एकदम कळला, हल्का म्हणजे पातळ. थंडीत घट्ट तेल गोठतं, वर चढत नाही, इंजिन कोरडं फिरतं आणि पिस्टन पकडतो. हे मला माहीत होतं. फक्त शब्दानं मला दुसरीकडे नेलं होतं.

०७०० ला आमच्या तोफा सुरू झाल्या. ०७१५ ला शत्रूनं उत्तर दिलं, रस्त्यावर. दहा मिनिटं शेल पडत होते. ०७२० ला ब्राव्होकडून खबर आली की डीआर थांबला नाही. निरोप येण्याआधीच तो गाडी आणायला म्हणून निघून गेला होता.

०७४० ला परवानगी मिळाली. माझी गाडी दुसऱ्या किकला उठली.

आठव्या किलोमीटरवर त्याची गाडी स्टँडवर उभी होती. रावसाहेब दोन हात अंतरावर पडला होता. मानेत शेलचा तुकडा लागला होता. फार वेळ गेला नसावा. उजव्या हातात पाना होता. इंजिनाखालचा तेल सोडायचा बोल्ट काढून दूर बर्फात फेकलेला. भोकातून तेल अजून उतरत होतं, थंडीतल्या काकवीसारखं, तुटत नाही आणि पडतही नाही अशी धार.

मी ते बघत उभा राहिलो. इंजिन केव्हाच पकडलं होतं. तेल काढून गाडी चालू होणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. मग तो चार किलोमीटर उलटा का आला? उस्तादांनी गाडी खोलली असती तर आत पन्नास नंबर सापडलं असतं. बोल्ट नसलेली रिकामी गाडी सापडली असती तर लिहिलं गेलं असतं की बोल्ट वाटेत गळून पडला, निघण्यापूर्वी तपासला नाही, चूक चालवणाऱ्याची. तेल कुणी ओतलं ते त्याला एकट्याला माहीत होतं. त्यानं ते माझ्यावरून पुसायला घेतलं होतं.

मला रडू आलं. मी रडलो. मग त्याला माझ्या गाडीवर बांधून खाली आणलं.

हवालदार प्रीतमसिंग दुपारी परतले आणि मला घेऊन आठव्या किलोमीटरवर गेले. त्यांनी बर्फातलं तेल बोटांत घेऊन चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कौन सा डाला था?"

"पचास."

"मैंने हल्का बोला था."

"हमारी बोली में हल्का मतलब खराब, उस्ताद. मैंने उसको अच्छा दिया."

मी स्वतः ॲडज्युटंटसाहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. चौदा दिवसांची सजा झाली. मला ती कमी वाटली, अजून वाटते. सजा संपवून स्टोअरमध्ये गेलो तेव्हा उस्ताद हातात ब्रश घेऊन बसले होते.

"तेरी बोली में पतले को क्या कहते हैं?"

"पातळ."

"लिखना सिखा."

त्यांनी वीस नंबरच्या प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगात ‘पातळ’ लिहिलं. ‘ळ’ त्यांना येत नव्हता, तो मी काढून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा केमला गेलो. रावसाहेबाचे वडील, त्यांना तात्या म्हणत, केम स्टेशनावर पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो खटका ओढायचं काम. नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला जेवायला बसवलं आणि विचारलं, "गाडीला काय झालंतं?"

"थंडी, तात्या."

"व्हय. थंडीत खटकाबी जड जातू. आमी पातळ त्याल सोडत हुतो."

त्यांनी हे सहज सांगितलं. माझा घास तिथंच राहिला. सांगायला गेलो होतो, न सांगता परत आलो. आणखी तीन वर्षं फौजेत काढली, पण ती भेट डोक्यातून गेली नाही. रात्री झोप लागायची, सकाळी किक मारताना तात्यांचा खटका आठवायचा.

नोकरी संपल्यावर सोलापुरात सात रस्त्याजवळ तेलाचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. दुकान उघडण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा केमला गेलो. या वेळी उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं. हल्का, हलकं, भारी, सगळं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बोल्ट त्येनंच काडला?"

"व्हय."

"पाना हातात हुता?"

"हुता, तात्या."

ते स्टेशनाकडे बघत राहिले. एक मालगाडी आली आणि गेली. डोळे पुसले, उपरण्यानं, लपवलं नाही.

"तुमी चुकला," ते म्हणाले. "पर माजं पोरगं लई भारी निगालं की. बसा. च्या घ्या."

मी बसलो. त्यांनी स्वतः चहा केला.

आता दुकानाला चार वर्षं झाली. लोक येतात आणि पहिलं वाक्य तेच असतं.

"मालक, तेल बदलायचंय. भारीतलं द्या."

मी डबा काढत नाही. विचारतो, गाडी कुठं जाणार? किती जुनी? ओझं किती? टेंभुर्णीपर्यंत रोज भर उन्हात, दोन माणसं आणि पोतं घेऊन जाणाऱ्या जुन्या गाडीला घट्ट तेल लागतं. नवी गाडी, माघाची थंडी आणि पहाटेचा दूधवाला असेल तर पातळ लागतं. चांगलं तेल असं काही नसतं, गाडीला आणि वाटेला जुळणारं तेल असतं. किक जड गेली तर जोर लावू नका, आधी तेल बघा. गिऱ्हाईकं वैतागतात. "किती प्रश्न विचारता ओ? पोलीस हाय का तुमी?" म्हणतात. म्हणू द्या.

माझ्या फळीवर दोनच पाट्या आहेत, पातळ आणि घट्ट. हलकं हा शब्द दुकानात नाही. परवा एका गिऱ्हाइकानं चिडून विचारलंच, "म्हंजे तुमच्याकडं भारी कायच न्हाय व्हय?"

मी म्हणालो, "हुता. केमचा. रावसाहेब नाव."

त्याला काही कळलं नाही. पातळ तेल घेऊन तो गेला, आणि त्याची गाडी तिसऱ्या किकला उठली.