चौदा बरोबर, पातळी नऊ

माझी थोरली हल्ली भांडत नाही, याची मला धास्ती बसली आहे. आज संध्याकाळी फोनवर मी तिला म्हटलं, "सही करून टाक बाई, नोकरी टिकव." एरवी असल्या वाक्यावर तिने मला अर्धा तास सोलून काढलं असतं. आज नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिचे बाबा आतल्या खोलीत घोरताहेत. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, कारण आडवी झाले की डोक्यात तेच ते सुरू होतं.

थोरली चौतीस वर्षांची आहे. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये नऊ वर्षं नोकरी करते आणि लॅबजवळच खोली घेऊन एकटी राहते. दुसऱ्या मजल्यावर रिपोर्टची खोली आहे. खिडकी नाही, सहा संगणक, आणि एक एसी, जो थंड कमी करतो आणि कण्हतो जास्त. कोणाची साखर वाढली, कोणाला गाठ निघाली, कोणाला दिवस गेले, ते सगळं तिच्या पडद्यावरून जातं. जायचं त्यालाच जातं, बाकी कोणालाही नाही, हे बघणं तिचं काम. माझ्या सख्ख्या जावेचा वाईट रिपोर्ट हिच्या हातून गेला, तेव्हा ही दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवत होती. मला मात्र तीन आठवड्यांनी जावेच्याच तोंडून कळलं. मी चिडले तर म्हणाली, "आई, रिपोर्ट काकूचा होता, तुझा नव्हता."

अशीच आहे ती पहिल्यापासून. पाचवीत असताना प्रश्नपत्रिका ठेवायच्या कपाटाचं कुलूप आपल्या सायकलच्या किल्लीने उघडतं, हे तिने स्वतः जाऊन बाईंना सांगितलं. कुलूप होतं तेच राहिलं, हिला मात्र दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. आता तिच्या बाबांच्या फोनवर बक्षीस लागल्याचे मेसेज येतात आणि ते वाचून खुलतात. ही म्हणते, "बाबा, तुम्ही तिकीटच काढलं नाहीत, बक्षीस कसं लागेल?" ते म्हणतात, "चुकून लागलं असेल." मग ती त्यांच्या हातातून फोन काढून घेते.

आठ महिन्यांपूर्वी त्या लॅबवर संकट आलं. तिथे मालकांच्या केबिनबाहेर त्यांचा स्वीय सहायक बसतो. रोज सकाळी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवतो, म्हणून त्याला सुप्रभात म्हणतात. बँकेचे ओटीपीचे आकडे फोनवर इतक्या मोठ्याने वाचून दाखवतो, की जिन्यापर्यंत ऐकू जातात. त्याने कुठून तरी आलेली एक फाइल उघडली, आणि पंधरा मिनिटांत लॅबचे संगणक एकामागून एक बंद पडले. पडद्यावर खंडणीची धमकी: पैसे द्या, नाहीतर चोरलेले रिपोर्ट उघडे करू. थोरलीने आपल्या खोलीतल्या सहाही संगणकांच्या नेटच्या वायरी हाताने उपटल्या. कोणाला विचारायला थांबली नाही. म्हणून निदान त्या खोलीतले जुने रिपोर्ट बचावले. पुढचे चार दिवस ती आणि तिच्या खोलीतल्या बायका हाताने रिपोर्ट लिहीत होत्या. फाइल कोणी उघडली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर कुठेही आलं नाही. मालकांच्या केबिनबाहेरचा माणूस ना तो.

त्यानंतर मालकांनी ठरवलं, सगळ्या कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायची. संगणकाच्या सुरक्षिततेतलं कोणाला किती कळतं ते मोजायचं. परीक्षा विकत आणली ती चांगली होती, हे थोरलीचंच म्हणणं. पडद्यावर एकेक प्रश्न येतो. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की पुढचा सोपा. असे तीस प्रश्न. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला, मला या परीक्षेत काही कळेना, तेव्हा तिने समजावलं. "आई, उंच उडी आठव. पार केलीस की काठी वर चढवतात. अडखळलीस की खाली घेतात. शेवटी प्रत्येकजण कुठेतरी अडखळतोच. कितीदा अडखळलीस ते बघायचं नसतं, काठी कुठे होती ते बघायचं." म्हणजे शेवटी बहुतेकांचे निम्मे बरोबर आणि निम्मे चूक येणार. खरा निकाल असतो तो पातळीचा, एक ते दहा.

परीक्षेच्या दिवशी ती इकडेच जेवायला आली होती. किती दिवसांनी तिचे डोळे असे चमकताना पाहिले. "शेवटी शेवटी काय एकेक प्रश्न होते, आई. अर्धं पान भरून नुसत्या नोंदी, आणि चोर पहिल्यांदा कुठल्या ओळीत शिरला ते शोधायचं. डोकं दुखायला लागलं. मजा आली."

आणि सुप्रभात? तो दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगत सुटला, "मी पहिले पाच प्रश्न मुद्दाम चुकवले. मग कसे लोण्यासारखे प्रश्न आले. अनोळखी माणसाने पासवर्ड मागितला तर द्यावा का, हो की नाही. आता याला काय डोकं लागतं?"

निकालाचा तक्ता आला. दोन रकाने. एकात बरोबर उत्तरं, दुसऱ्यात पातळी. लॅबच्या व्यवस्थापकाने पहिल्या रकान्यावरून यादी लावली. सुप्रभात, अठरा बरोबर, पहिला नंबर. त्याच्या पातळीच्या रकान्यात दोन होते. थोरली, चौदा बरोबर, शेवटून चौथी. तिच्या रकान्यात नऊ होते. अख्ख्या लॅबमध्ये नऊ दुसऱ्या कोणाचेच नव्हते. सुप्रभातला पुष्पगुच्छ मिळाला आणि 'सुरक्षा समन्वयक' असं पद. त्याचा फोटो तिने मला पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता. दात काढून उभा आहे. तो फोटो बघून मला शिसारी आली, पण त्याच्या शेजारी गुच्छ धरून जो उभा आहे, त्याला बघून जास्त आली.

तो व्यवस्थापक माझा धाकटा भाऊ आहे.

तिला तिथे लावलं त्यानेच, ते नऊ वर्षं आम्हाला ऐकवलं जातंय. परवा रविवारी तो आला. थोरलीही होती. मी चहा टाकला. तिने तक्त्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मामा, शेजारचा रकाना बघ."

"बघितला."

"मग?"

"मग काय? मालकांना पातळीबितळी कळत नाही गं. त्यांना अठरा कळतात आणि चौदा कळतात."

"तुला कळते ना? तू सांग त्यांना."

त्याने बिस्कीट चहात बुडवलं. "यादी गेली वर. आता परत मागवू? मला तक्ता वाचता आला नाही असं लिहून देऊ?"

"वाचता आला नाही, हे खरंच आहे ना."

"ताई, ही कशी बोलते बघ." हे मला. "आणि भाचीला खालून वर आणली, की लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तिचं नाव खाली आहे तेच बरं दिसतं. निदान मी नातं बघत नाही हे तरी सिद्ध झालं."

मी त्याला दुसरा कप दिला. थोरली माझ्याकडे बघत होती आणि मी कपाकडे. हे लिहिताना माझीच मला किळस येते आहे. जो माणूस स्वतःची चूक झाकायला भाचीला पुढे करतो, त्याला मी विचारलं, साखर पुरे का.

शेवटच्या चौघांनी उद्या दहा वाजेपर्यंत एका कागदावर सही करायची आहे. सही केली तर नोकरी राहील, पण संगणकाच्या कामावरून काढून खाली नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवतील. बाटल्यांवर नावं चिकटवायची. त्या कामात कमीपणा नाही, तिथल्या बायका दिवसभर उभ्या राहून राबतात. सही नाही केली तर घरी. मी मनाशी हिशोब केला. चौतिशी, एकटी, नवीन नोकरी कधी मिळणार. माझ्या भावाशी वितुष्ट नको. चार महिने खिडकीवर काढेल, मग तोच वर घेईल. म्हणून मी फोनवर म्हटलं, सही करून टाक.

त्या कागदाचा फोटो तिने दुपारीच पाठवला होता. मी वरवर पाहिला होता, चष्मा न लावता. मघाशी झोप येईना म्हणून चष्मा लावून नीट वाचला. पहिलं वाक्य, मला संगणक सुरक्षिततेचं पुरेसं ज्ञान नाही हे मला मान्य आहे. दुसरं, बदली मला मान्य आहे. तिसरं वाक्य बारीक अक्षरांत, तळाला: आठ महिन्यांपूर्वीच्या घटनेस माझ्या या अपुऱ्या ज्ञानामुळे हातभार लागला असण्याची शक्यता मला मान्य आहे.

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे फाइल उघडली सुप्रभातने, वायरी उपटल्या हिने, आणि कागदोपत्री दोष घ्यायचा या चौघांनी, तोही स्वतःच्या सहीनिशी. आठ महिने लॅबला दोष द्यायला नाव सापडत नव्हतं, आता चार सापडली. उद्या कुठल्या रुग्णाने विचारलं, माझा रिपोर्ट चोरांच्या हाती कसा गेला, की हा कागद पुढे करतील. ज्या मुलीने सख्ख्या काकूचा रिपोर्ट आईला सांगितला नाही, तिच्यावर हा ठपका. हे नुसतं तक्ता न वाचता आल्याचं प्रकरण नाही. हे वाक्य कोणीतरी बसून, विचार करून, अक्षर लहान करून लिहिलं आहे. त्याने लिहिलं नसेल, तरी वाचल्याशिवाय चौघांच्या हातात दिलं नसेल. रविवारी बिस्कीट बुडवताना त्याला हे माहीत होतं.

थोरलीने ते वाचलेलं असणारच. ती प्रत्येक कागद तळापर्यंत वाचते. तरी मला काही बोलली नाही. आईने सही करायला सांगितली, म्हणजे आईने वाचून सांगितली, असं तिला वाटलं असेल. सगळे एका बाजूला, आणि आता आईसुद्धा. मग भांडायचं कोणासाठी, असं झालं असेल तिचं.

सकाळपर्यंत थांबलं तर ती आठलाच निघते, आणि रस्त्यात फोन उचलत नाही. आत्ता सव्वा वाजलाय. इतक्या रात्री माझं नाव पडद्यावर दिसलं की ती घाबरेल, बाबांना काही झालं म्हणून. तेव्हा आधी म्हणायचं, बाबा बरे आहेत. मग म्हणायचं, मी कागद न वाचता तुला सांगितलं, सही करू नकोस. त्या तिघांनाही करू देऊ नकोस. तक्त्याची प्रत घेऊन थेट मालकांकडे जा, उंच उडीचं त्यांनाही सांग, मला समजलं तर त्यांनाही समजेल. नोकरी गेली तर गेली, इथे तुझी खाट अजून तशीच आहे. भावाचं मी बघते.

चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवलाय. तिचा नंबर लावते.