मोबाइलची क्लिप, टीव्हीची टेप

वसईत कोर्टाकडून बाजाराकडे येताना माझं दुकान होतं. लग्नांचं शूटिंग, पासपोर्ट फोटो, एडिटिंग आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या सीड्या करून देणं, असा धंदा. मोबाइलमध्ये कॅमेरे यायला लागले तेव्हा त्यात एका कामाची भर पडली. लोक मोबाइल घेऊन यायचे आणि म्हणायचे, हे टीव्हीवर दिसेल असं करून द्या. बहुतेकांना घरच्याच टीव्हीवर बघायचं असायचं. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा. सीडी करून दिली की काम संपलं. चित्र फाटकंतुटकं असलं तरी घरचे लोक आपलं माणूस बरोबर ओळखतात.

चॅनेलचं काम वेगळं. एका मराठी वृत्तवाहिनीचा आमच्या भागातला बातमीदार माझ्याकडे बसून बातम्या एडिट करायचा, त्यामुळे चॅनेलला काय चालतं आणि काय परत येतं हे मला ठाऊक झालं होतं. त्यांना टेपच लागायची. चित्र ठरलेल्या मापाचं, सेकंदाला पंचवीस चित्रं, आवाज ठरलेल्या पातळीत. मोबाइलची क्लिप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र, आणि मोबाइलला झेपतील तेवढीच चित्रं सेकंदाला. मधली कमी आपण भरून काढायची. ते करता करता माणूस एक तर उचक्या लागल्यासारखा हलतो, नाहीतर त्याच्यामागे त्याचंच भूत चालल्यासारखं दिसतं.

एका दुपारी बातमीदार एका जोडप्याला घेऊन आला. ते जवळच्याच गास गावचे, बागायतदार घरातले. वाडीत केळी आणि भाजी होती, पण नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. बायको मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली. नवऱ्याची आई हरवली होती. महिना उलटून गेला होता. गेलं वर्षभर त्यांना विसरायला होत होतं. तरुणपणी त्या भाजी घेऊन मुंबईच्या बाजारात जायच्या. हरवल्या त्या सकाळीही रिकामी टोपली घेऊन घरातून निघाल्या. नालासोपारा स्टेशनात त्यांना कुणीतरी पाहिलं होतं, त्यापुढे काही पत्ता नव्हता. पोलिसात तक्रार दिलेली होती.

वाहिनीवर हरवलेल्या माणसांचा एक साप्ताहिक कार्यक्रम लागायचा. बातमीदाराने शब्द टाकला होता. "फोटो चालेल," तो मला म्हणाला, "पण हलतंबोलतं काही असेल तर ते जास्त वेळ दाखवतात. यांच्याकडे क्लिप आहे म्हणतात."

क्लिप नवऱ्याच्या मोबाइलवर होती. ती एमएमएसने आलेली, अर्धवट कापलेली. त्यात फक्त पाठ आणि केळीची पानं. मूळ क्लिप बायकोने घेतलेली होती, तिच्या आधीच्या मोबाइलवर. तो पडून त्याचा पडदा गेला होता, पण ती तो पिशवीत घालून घेऊन आली होती. मी आतलं कार्ड काढून कम्प्युटरला लावलं आणि क्लिप मिळाली.

वाडी. वाफ्यांना पाणी सोडलेलं. नऊवारी नेसलेली एक किडकिडीत बाई वाकून फावड्याने माती ओढतेय. मग ती सरळ उभी राहते, मोबाइलकडे बघते आणि तोंड सोडते. हात नाचवत, न थांबता, क्लिप संपेपर्यंत. मी इतकी वर्षं वसईत राहत होतो, पण मी मूळचा देवगडचा. इथल्या जुन्या गावकऱ्यांची घरातली बोली मला येत नव्हती. त्यातलं 'पानी' आणि 'नाय' एवढंच मला कळलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "पाणी भलत्याच वाफ्यात चाललंय आणि ही बया मोबाइल धरून उभी. हिच्या आईनं हिला काय शिकवून पाठवलं, असं म्हणतायत. नवा मोबाइल होता, मी सहज बघत होते कसा निघतो फोटो. व्हिडिओ सुरू झाला."

"आवाज काढून टाका," नवरा मला म्हणाला. "वर निवेदन येणारच आहे ना?"

माझंही मत तेच होतं. मागे पंपाची घरघर होती, वारा माइकवर आपटत होता आणि आवाज चित्राच्या पुढे पळत होता. तो जुळवत बसणं हे वेगळं काम होतं. आवाज काढला असता तर टेप तासाभरात झाली असती.

"आवाज राहू दे, दादा," ती म्हणाली.

"अगं, सगळ्या महाराष्ट्राला ऐकवायचंय का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला बोलल्यात, तुम्हाला नाही."

"तसं नाही. आई हरवलीय आणि आपण तिची कटकट दाखवतोय..."

"आईंना गप्प बसलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?" तिचा आवाज चढला नव्हता. "आवाज काढला तर ती दुसरीच कुणीतरी बाई वाटेल. मलाच वाटेल."

नवरा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने आत आला आणि मला म्हणाला, "ती म्हणते तसं करा."

मग मी कामाला लागलो. चित्र पूर्ण पडद्याएवढं मोठं केलं तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसत. लहान ठेवलं तर चेहरा कळत होता, पण चारी बाजूंनी काळं उरत होतं. बातमीदार म्हणाला, "काळ्या पट्ट्या असल्या की टेप परत येते." शेवटी मी तेच चित्र मोठं आणि धूसर करून मागे टाकलं आणि लहान चित्र त्याच्यावर मधोमध बसवलं. मागे केळीचा हिरवा रंग पसरला. बरं दिसत होतं. आवाजाचे तुकडे करून एकेक सरकवत बसलो. ओठ तर दिसतच नव्हते, म्हणून हातांच्या हालचालींवर आवाज जुळवला. कुठल्या शब्दाला हात कुठे जातो, हे ती मला शेजारी बसून सांगत होती. "हे 'पानी'. इथे हात खाली. आता माझ्याकडे बोट."

शेवटी काही क्षण चेहरा थांबवून ठेवायचा होता. त्यातल्या त्यात शांत चेहरा शोधायला मी क्लिप मागेपुढे करत होतो.

"नाही सापडायचा," ती म्हणाली. "कुठलाही घ्या."

टेप तयार झाली आणि बातमीदार ती घेऊन गेला. पुढे कार्यक्रम लागला तेव्हा मी एका हळदीच्या शूटिंगला होतो, त्यामुळे मी तो पाहिला नाही. बातमीदाराने नंतर सांगितलं की सुरुवातीला निवेदिका बोलत होती, पण तिचं बोलणं आधी संपलं आणि उरलेली क्लिप तशीच, सासूबाईंच्या आवाजासकट गेली. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. अशा कार्यक्रमांतून कुणी सापडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

काही दिवसांनी गासची ती सून एकटीच दुकानात आली. हातात वाडीतली केळी वाळवून केलेली, पानात बांधलेली सुकेळी होती.

"सापडल्या," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसून रडायला लागली. मी पाणी आणून ठेवलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते पासपोर्ट फोटो काढायला आलेलं; ते भिंतीवरचे लग्नाचे फोटो बघत राहिलं.

मग तिने सगळं सांगितलं. सासूबाई गुजरातेत वलसाडच्या बाजूला एका आश्रमात होत्या. चुकीच्या गाडीत बसून तिकडे गेल्या असणार. तिथल्या लोकांना त्यांची भाषा कळत नव्हती. मराठी म्हणावी तर मराठी नाही, गुजराती म्हणावी तर तीही नाही. ही डोंगरातली कुठली तरी भाषा असणार, असं धरून त्यांनी त्या बाजूच्या गावांमध्ये चौकशी केली होती. आश्रमात रात्रपाळी करणारी एक बाई नंदुरबारकडची होती आणि घरी मराठी बातम्या लावायची. त्या दिवशी ती टीव्हीकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती. मागून ओरडण्याचा तोच रोजचा आवाज आला आणि तिला वाटलं, आपण आश्रमातच आहोत. वळून बघितलं तर पडद्यावर नऊवारीतली, अंबाडा घातलेली बाई. चेहरा तिला ओळखू आला नाही. आश्रमात उवा झाल्या म्हणून सासूबाईंचे केस कापलेले होते आणि अंगात गाऊन होता.

"त्या बाईनं टीव्हीवरच्या नंबरवर फोन केला," ती म्हणाली, "तर आधी ह्यांचा विश्वासच बसेना. मग तिनं आश्रमात जाऊन फोन त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडून जे काही आलं ते ऐकून ह्यांनी लगेच गाडी ठरवली."

"तुम्हाला ओळखलं का त्यांनी?" मी विचारलं.

"नाही. ह्यांनाही नाही. गाडीतून आणताना सगळा वेळ गप्प होत्या. वाडीत शिरल्यावर मात्र एकट्याच, न चुकता विहिरीकडे गेल्या."

तिला क्लिपची एक सीडी हवी होती, निवेदन नसलेली. मी ती करायला घेतली. तेवढ्या वेळात ती घरातल्या गोष्टी सांगत राहिली. फाटकाला आता कडी बसवली होती. नवऱ्याने रात्रपाळ्या बंद करून घेतल्या होत्या. सासूबाईंना साधं मराठी आता कळेनासं झालं होतं, लहानपणची बोली तेवढी उरली होती. घरात ती बोलणारे नवरा आणि त्याचा एक काका. दोघंही दिवसभर बाहेर.

"मग तुम्ही काय करता दिवसभर?"

"मीच बोलते. सोळा वर्षं कानावर पडत होती, पण कधी बोलले नव्हते. बोलले की हसायच्या मला." तिने सीडी पिशवीत ठेवली. "आता कितीही चुकलं तरी हसत नाहीत. जे सांगते तेवढं करतात."

रिक्षा मिळेल का हे बघायला ती दारापर्यंत गेली. मी त्या गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटोसाठी आत बोलावलं.