भागवतरावांचं हौतात्म्य

लोहाऱ्यातल्या आमच्या शाळेत भागवतराव चित्रकला शिकवायचे आणि मी इतिहास. दोघंही निवृत्त झालो, पण घरं शेजारी, त्यामुळे सुटका नाही. त्यांच्या बैठकीत एक मोठं छापील चित्र टांगलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं. एका ख्रिस्ती संताला जिवंत सोलण्याची तयारी चाललीय. भोवती काळोख, उजेड तेवढा म्हाताऱ्याच्या उघड्या छातीवर. एकजण त्याचे हात दोरीनं ताणतोय, दुसरा दातात सुरी धरून बाह्या सारतोय, आणि संताचे डोळे आभाळाकडं.

चित्र फार चांगलं आहे. मारेकरी राक्षस नाहीत, रोजंदारीवर आलेली माणसं वाटतात. भीती वाटते ती त्याचीच. पण भागवतरावांना त्यात फक्त भागवतराव दिसतात. उजेडात ते, अंधारात आपण सगळे. राजेश्वरीवहिनींनी दळण आणायला सांगितलं की यांची नजर छताला. शाळेत असताना जादा तास दिला तरी तेच. उभ्या जन्मात डासाशिवाय कुणी या माणसाच्या कातडीला धक्का लावलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी बहीण अयोध्या अणदूरहून आली. नवरा गेल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. वडिलांच्या शेतातला आपला वाटा मिळाला तर कडेला दोन खोल्या बांधून राहीन, एवढंच तिचं म्हणणं. बहिणींनी हक्क सोडायचा आणि दिवाळीच्या साडीवर समाधान मानायचं, ही आमच्याकडची रीत. बाहेरचं कुणीतरी असावं म्हणून वहिनींनी मला बोलावून घेतलं.

भागवतराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बहिणीला चित्रापुढं बसवलं आणि शिकवायला लागले. उजेड नेहमी सोसणाऱ्यावरच पडतो. दोर ओढणारी आपलीच माणसं असतात. संतानं तक्रार केली नाही, मग मी तरी कशाला करू? आवाज कापरा झाला, उपरण्यानं कोरडे डोळे पुसून झाले. थोरली बहीण याच व्याख्यानानंतर रडत हक्क सोडून गेली होती.

अयोध्या बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "लई वंगाळ हाल केलेत म्हाताऱ्याचे. पण म्या आबांची जमीन मागितली, दादा. तुमचं कातडं न्हाय मागितलं."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला पदर लावायची गरज वाटली नाही.

"तुला कला कळायची नाही," भागवतराव म्हणाले.

"न्हाय कळत. धाराशिवच्या कोर्टात तारखा पडल्या की तिथल्या साहेबास्नी समजावून सांगा."

तारखा म्हणजे उन्हात एसटीचा प्रवास, वकिलाच्या दारात ताटकळणं. एवढं सोसणं भागवतरावांच्या हौतात्म्यात बसत नव्हतं. आठवड्याच्या आत त्यांनी लोहाऱ्याच्या तहसीलला जाऊन वाटणीवर सही केली. लोभ हरला तो आळसापुढं; माया वगैरे काही उचंबळली नव्हती.

आता गावभर सांगत असतात, बहिणीला जमीन दान केली. मी अयोध्येला म्हटलं, हे खोडून काढ. ती म्हणाली, म्हणू द्या की, सातबाऱ्यावर नाव माझं हाय.

खोल्या झाल्या. वास्तुशांतीला भागवतराव गेले, आडवा हात मारून जेवले आणि परत येऊन मला म्हणाले, आमटी आळणी होती.